थंडीचा दिवा म्हणतात मला

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो. आकाराने तुमच्या करंगळीच्या नखाएवढा, रंगाने पिवळा आणि स्वभावाने आताशा फार तापट. इतर जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगतात तेव्हा गहिवरून सांगतात. मला गहिवर येत नाही, संताप येतो. ओल्हा ह्नातिउक नावाच्या बाईला पुन्हा दिसण्याची जी एक संधी आली होती, ती माझ्या देखत गेली, आणि ती घालवायला माझाच वापर केला गेला. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

मी राहतो गाडीत, चालकासमोरच्या काचेआड, वेगाच्या काट्याच्या डाव्या अंगाला. माझं चित्र जरा विचित्र आहे. बुडाला बसकं, वरून उघडं असं एक भांडं आणि त्याच्या पोटात उद्गारचिन्ह. तो खरं तर टायरचा आडवा कापलेला तुकडा आहे, पण हे कुणाला सांगून पटत नाही. गाडी पहिल्या दिवशी घरी आली तेव्हा ओल्हाचा नवरा ओरेस्ट वाकून माझ्याकडे बघत म्हणाला होता, "हे काय, बीटचं सार उतू जातंय वाटतं." तेव्हा मीही हसलो होतो. दिवा हसतो कसा, असं विचारू नका. चावी फिरवली की आम्ही सगळे दिवे दोन क्षण उजळतो, जिवंत आहोत हे कळावं म्हणून. तेच आमचं हसणं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे निळे हातमोजे घातलेली एक बाई दिवसभर आम्हाला पेटवून बघायची आणि कागदावर खूण करायची. माझ्यापाशी आली की शेजारणीला म्हणायची, "याची मला कीव येते बाई. याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही." मी नवा होतो, मला वाटलं ही उगाच काहीतरी बोलते. आता कधी कधी वाटतं, तिचे पाय धरायला हवे होते.

माझं काम एकट्याचं नाही. चारही चाकांच्या आत, जिथून हवा भरतात त्या नळीच्या मुळाशी, माझा एकेक भाऊ बसलेला असतो. काडेपेटीएवढा जीव, पण चाकाबरोबर ऊन, चिखल, खड्डे सगळं सोसत तो गरगर फिरत असतो, आणि आत हवा किती आहे ते मला बिनतारी कळवत राहतो. त्याने ओरडून सांगितलं की मी लागतो. मला दोनच शब्द येतात. चावी फिरवल्यावर मी सरळ लागलो आणि लागूनच राहिलो, तर एखाद्या चाकात हवा कमी आहे. आणि मी आधी मिनिटभर लुकलुकलो आणि मग लागून राहिलो, तर मला माझे भाऊच ऐकू येत नाहीयेत. एकाचा अर्थ 'दुखतंय', दुसऱ्याचा अर्थ 'मला काही कळत नाहीये'. बस, इतकंच. लोक घरच्या मांजराचे दहा आवाज ओळखतात, पण माझे दोन शब्द नऊ वर्षांत त्या गावात दोघींनीच शिकून घेतले.

गावाचं नाव झोरिया, सस्कॅचेवान या उत्तरेकडच्या बर्फाळ प्रांतातल्या माळावरचं. पहिली पाच वर्षं गाडी ओल्हा चालवायची, आणि ती माझी चांगली वर्षं. ऑक्टोबरातल्या पहिल्या कडाक्याच्या सकाळी मी लागलो. थंडीने हवा आकसते. चाक कुठे फुटलेलं नसतं, तरी हवा कमी पडते ती पडतेच. ओल्हाने गाडी हळूहळू दोन गल्ल्या पलीकडे डेल्फिन पारँटोच्या टायरच्या दुकानात नेली. डेल्फिन तेव्हा तिशीची होती, हात कायम काळे आणि जीभ कायम तयार.

"काकू, गाडी रात्रभर उभी होती ना? छान केलंत. हवा थंड चाकातच मोजायची. गाडी पळवून आणली की चाक तापतं, आकडा फुगतो, आणि मग माणूस असलेली हवाच काढून बसतो." तिने चालकाचं दार उघडून चौकटीवर चिकटवलेला कागद दाखवला. "आकडा इथला धरायचा. पस्तीस. टायरच्या अंगावर छापलाय तो नाही. तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा आहे. पोट फुटेपर्यंत सोसतं म्हणून तेवढं रोज जेवतं का कुणी?"

"ओरेस्ट जेवतो," ओल्हा म्हणाली.

डेल्फिनने चाकाच्या समोर न बसता बाजूला बसून हवा भरली. थोडी भरायची, मोजायची, पुन्हा थोडी. चारही झाल्यावर स्टिअरिंगच्या खाली लपलेलं एक बटण तिने दाबून धरलं आणि मी तीन वेळा सावकाश मिचकावलो. "हे सगळ्यात शेवटी, काकू. आधी चारही चाकांत बरोबर हवा, मगच बटण. बटण दाबलं की गाडी समजते, आत्ता आहे हेच बरोबर." ओल्हाने दोनदा ऐकून घेतलं. परत जाताना तिने माझ्यावरच्या काचेला टिचकी मारली आणि म्हणाली, "शहाणा आहेस." माझं उभ्या आयुष्यात एवढंच कौतुक झालं. ते मी अजून विसरलेलो नाही.

आता त्या मुलखाची खोड सांगतो. नोव्हेंबर आला की सगळे चाकं बदलतात. बर्फाचे टायर वेगळ्या लोखंडी रिमवर चढवून ठेवलेले असतात, आणि त्यांत माझे भाऊ बसवायचा खर्च कुणी करत नाही. माझे सख्खे चार भाऊ गॅरेजच्या कोपऱ्यात बर्फाच्या फावड्यामागे एकावर एक रचून पडतात. मी रोज सकाळी हाका मारतो. मिनिटभर लुकलुकतो, उत्तर येत नाही, मग आपला लागून राहतो. हे पाच महिने चालतं. गावातल्या प्रत्येक गाडीत एक दिवा असा हाका मारत असतो, आणि खाली बसलेला माणूस कॉफी पीत असतो. खरं म्हणजे याच पाच महिन्यांत हवा हाताने मोजायला हवी, कारण सांगणारं कुणी नसतं. पण नाही. त्यांनी माझं नावच ठेवलं 'थंडीचा दिवा'. "दिवा लागलाय रे तुझा." "थंडीचा आहे, मे महिन्यात जाईल." जसं काही मला पडसं झालंय. पाच महिने ज्याच्याकडे बघायचं नाही अशी डोळ्यांना सवय लावली, त्याच्याकडे सहाव्या महिन्यात कोण कशाला बघेल?

सहाव्या वर्षी ओल्हाचे डोळे अधू झाले. डावा तर लहानपणीच कामातून गेला होता, आता उजव्या बुबुळावरचा पडदा गढूळ व्हायला लागला. ती दर ईस्टरला मेणाच्या बारीक टाकाने अंड्यांवर नक्षी काढायची, चर्चमधल्या बायका तिच्या अंड्यांवर डोळा ठेवून असायच्या. त्या वर्षी तिची अंडी पांढरीच राहिली. आकार तिला दिसेनासे झाले, रंग तेवढे उरले. गवताचं हिरवं, थांब्याच्या पाटीचं लाल, माझं पिवळं. डॉक्टरांनी सांगितलं की मेलेल्या माणसाच्या डोळ्यातला पडदा बसवला तर दिसेल, पण यादी मोठी आहे. ओल्हाचं नाव यादीत गेलं आणि ती चालकाच्या शेजारच्या सीटवर गेली. स्टिअरिंगवर ओरेस्ट आला.

ओरेस्टने एकतीस वर्षं गावच्या धान्याच्या कोठारात नोकरी केली होती. गव्हाचा दाणा दाताखाली धरून तो ओलावा सांगायचा, आणि यंत्राने मोजला तर तेवढाच निघायचा. हे खरं आहे, आणि सगळा घोटाळाही तिथेच आहे. एका गोष्टीत ज्याचा अंदाज कधी चुकला नाही, तो माणूस पुढे प्रत्येक गोष्ट अंदाजानेच करतो. टायरची हवा तो बुटाने बघायचा. चारही चाकांना एकेक लाथ घालायची आणि म्हणायचं, "टणक आहे." अरे, आताच्या टायरातली तिसरा हिस्सा हवा गेली तरी बाहेरून बघून कळत नाही, लाथेला काय कळणार? हवा मोजायचं बोटाएवढं यंत्र डेल्फिनच्या दुकानात मिळत होतं. पण ते विकत घेणं म्हणजे आपला पाय चुकतो हे कबूल करणं.

तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. बायकोच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा औषध घालायला तो कधी विसरला नाही, गाडीत असला तरी रस्त्याच्या कडेला थांबून घालायचा. म्हणूनच मला जास्त राग येतो. दुष्ट माणसाने गळा दाबला तर निदान समजतं तरी.

यंदा जूनमध्ये त्याने गॅरेजचं छप्पर बदललं. जुने खिळे अंगणभर सांडले आणि त्यातला एक आमच्या मागच्या डाव्या चाकात शिरला. तिथला भाऊ मला सांगू लागला, तीस. दोन दिवसांनी, अठ्ठावीस. सव्वीस झाली त्या सकाळी मी लागलो. सरळ लागलो, एकदाही न लुकलुकता.

"मला पिवळं दिसतंय," ओल्हा म्हणाली.

"थंडीचा दिवा गं तो."

"जूनमध्ये?"

"त्याची सवय गेली नाही अजून." ती हसेल म्हणून तो बोलला, पण ती हसली नाही.

"डेल्फिनकडे घे."

"हवा बघायला डेल्फिनकडे? मी काय एवढा म्हातारा झालो?" तो उतरला, चार लाथा घातल्या, परत येऊन बसला. मग त्याने फोनवर कुणा गॅरेजवाल्याचा व्हिडिओ लावला. त्या भल्या माणसाने पहिल्यांदा चारही चाकांत हवा भरायला सांगितलं होतं, मी स्वतः ऐकलं. ओरेस्टने तेवढा भाग बोटाने पुढे ढकलला. पुढे बटणाचं होतं, ते मात्र लक्ष देऊन बघितलं. बटण दाबून धरलं, मी तीन वेळा मिचकावलो आणि विझलो.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला. गाडी आता समजून चालली की मागच्या डाव्या चाकात सव्वीस हेच बरोबर. भाऊ रोज ओरडत होता, पंचवीस, चोवीस, तेवीस, आणि मला लागायची परवानगी नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मी त्या तीन आठवड्यांत शिकलो.

"गेलं का पिवळं?" त्याने विचारलं.

"गेलं," ओल्हा म्हणाली आणि तिने सुटकेचा श्वास टाकला. त्या श्वासाने मला लाज वाटली. त्या गाडीत नवऱ्याला न विचारता तिला स्वतःला दिसेल अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मी.

जुलैत एका मंगळवारी वाणसामानाच्या दुकानासमोर गाडी उभी असताना ओल्हाचा फोन वाजला. जवळजवळ तीन वर्षं ज्याची वाट बघितली तो फोन. पडदा मिळालाय. गुरुवारी सकाळी साडेअकराला सॅस्कटूनच्या रुग्णालयात हजर राहा, आला नाहीत तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलवावं लागेल. ओल्हाने तीन वेळा 'हो' म्हटलं आणि फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "ओरेस्ट, ती अंडी तू फेकली नाहीस ना? पांढरी राहिलेली?" ओरेस्ट खिडकीकडे तोंड करून बसला होता.

गुरुवारी साडेसातला निघायचं ठरलं होतं. निघाले पावणेनऊला, कारण ओल्हाची बहीण शहरात राहते आणि ओरेस्टला तिच्याकडे रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. बटाट्याची दोन पोती, शेपू घालून मुरवलेल्या काकड्यांच्या अठरा बरण्या, गारठवलेल्या करंज्यांचा जड खोका, सगळं मागे. म्हणजे सगळा भार मागच्या चाकांवर. बाहेर सकाळीच तापायला लागलं होतं. ओरेस्टने एकशे दहाचा वेग धरला. भाऊ म्हणाला, मी भाजतोय. कमी हवेचं चाक प्रत्येक फेऱ्याला दुमडतं आणि दुमडता दुमडता तापतं. मी ऐकत राहिलो. एकोणीसच्या खाली गेल्यावर गाडीला शिकवलेल्या खोट्या हिशेबानेसुद्धा मला लागायची मुभा मिळाली, आणि मी जीव खाऊन लागलो.

"ओरेस्ट, पिवळं."

"दिसतंय मला."

"थांब. मी सांगते म्हणून थांब."

पुढच्याच पेट्रोलपंपावर तो थांबला. हवेचं यंत्र तिथे होतं, चालू होतं. त्याच्यापुढे एक कुटुंब आपल्या राहत्या गाडीच्या सगळ्या चाकांत हवा भरत होतं. त्यांना अजून दहा मिनिटं लागली असती. आमच्याकडे वीस होती. हे मी पुन्हा सांगतो, मित्रांनो, आमच्याकडे वीस होती. घड्याळ माझ्या शेजारीच आहे, मला ते रोज दिसतं. ओरेस्टने त्या रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मागच्या चाकाला एक लाथ घातली. मग आत येऊन बसला, चावी फिरवली आणि हात स्टिअरिंगखाली नेला.

मी तीन वेळा मिचकावलो. मिचकावायचं नव्हतं मला, पण वायरीतून आलेला हुकूम दिव्याला मोडता येत नाही.

"भरलीस हवा?" ओल्हाने विचारलं.

"तूच बघ की. आहे का पिवळं?"

तिने मान पुढे करून माझ्याकडे पाहिलं. इतक्या जवळून ती कितीतरी दिवसांनी बघत होती. "नाही," ती म्हणाली. "गेलं." आणि सीटला डोकं टेकून तिने डोळे मिटले. ओरेस्ट तोंडाने खोटं बोलला नाही. ते काम त्याने माझ्याकडून करून घेतलं.

पुढे पंचवीस मिनिटांनी मागच्या भावाचा आवाज आला, आणि मग आलाच नाही. टायर फाटला. गाडीचं बूड एका बाजूला फेकलं गेलं, ओरेस्टने स्टिअरिंग उलटं ओढलं, आणि आम्ही दोन रस्त्यांमधल्या गवताच्या खोलगट पट्ट्यात आडवेतिडवे जाऊन थांबलो. बरण्या फुटल्या, शेपूचं खारं पाणी सीटखालून वाहत पुढे आलं. माणसं वाचली. पाठीमागे जास्तीचं पाचवं चाक होतं, पण ते काचांच्या आणि बटाट्यांच्या खाली, आणि नऊ वर्षांत कुणी न बघितल्यामुळे तेही मऊ. त्याच्यात माझा भाऊ नसतो. त्याची चौकशी माणसालाच करावी लागते, आणि तशी ती कुणी केली नव्हती.

थांबून मदत करणारे लोक आले. एकाने तर ओल्हाला आपल्या गाडीतून शहरात पोचवतो म्हटलं. पण तिच्या मानेला झटका बसला होता, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिला कुणी हलवू देईना. पाऊण तासाने ॲम्ब्युलन्स आली, मानेला पट्टा बांधला. ओल्हा सारखी म्हणत होती, "मान राहू द्या हो, मला डोळ्याला जायचंय." पुढचं मी पाहिलं नाही, मी गवतात पडून होतो. नंतर गाडीत बसून ती बहिणीशी फोनवर बोलली त्यातून कळलं. रुग्णालयाने एकपर्यंत वाट पाहिली. ती पोचली दीडला. तो पडदा यादीतल्या पुढच्या माणसाला गेला. "चला, कुणाला तरी दिसेल," असं ती बहिणीला म्हणाली. मला असलं मोठं मन नाही, आणि मला ते नकोही आहे.

चार दिवसांनी गाडी डेल्फिनच्या दुकानात उभी होती. ओल्हा मानेला पट्टा लावून आत बसली होती, ओरेस्ट दार धरून बाहेर उभा होता. डेल्फिनने फाटक्या टायरातून एक गंजका खिळा काढून त्याच्या हातावर ठेवला.

"छपराचा आहे. तीन-चार आठवड्यांचा तरी. टायर आतून पार भुगा झालाय, म्हणजे कमी हवेवर बराच पळवलाय. काका, दिवा लागला नव्हता?"

ओरेस्ट खिळ्याकडे बघत राहिला.

"लागला होता," आतून ओल्हा म्हणाली. "दोनदा. मग विझला."

"हवा न भरता तो आपोआप विझत नाही, काकू." डेल्फिनने हातातलं यंत्र गाडीला लावलं आणि त्यावरचं वाचलं. तिने पुन्हा एकदा वाचलं. मग तिचा आवाज खाली आला. "गाडीला शिकवून ठेवलंय की या चाकात अठरा हवा म्हणजे बरोबर."

दुकानात कुठेतरी हवेचं यंत्र धडधडत होतं, ते थांबलं.

"ओरेस्ट," ओल्हा म्हणाली, "मी तुला विचारलं होतं, हवा भरलीस का."

"रांग होती. उशीर झाला असता. तुझ्यासाठीच करत होतो गं मी."

"माझ्यासाठी काय केलंस? दिवा विझवलास." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं, भांडण म्हणून निभावून नेता आलं असतं. "मला या गाडीत तेवढं एक दिसत होतं. पिवळं आहे की नाही. बाकी सगळं तू सांगशील ते. तेवढं एक माझं होतं, तेही तू खोटं करून ठेवलंस."

डेल्फिन हात पुसत आत निघून गेली. हात आधीच पुसलेले होते.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरी गाडी असेल तर महिन्यातून एकदा, ती हलवायच्या आधी, थंड असताना हवा मोजा. मोजा म्हणजे मोजा, लाथा घालू नका. आकडा दाराच्या चौकटीवरचा धरा आणि पाचव्या चाकालाही विचारा. थंडीत माझे भाऊ काढून ठेवणार असाल तर त्यांचं काम तुमच्या अंगावर आलं, हे समजून असा. मी लागलो तर आधी हवा आणि सगळ्यात शेवटी बटण. आणि नुसतं बटणच दाबायचं असेल तर त्यापेक्षा मला सरळ फोडून टाका. फुटका दिवा निदान कुणाशी खोटं तरी बोलत नाही. मला मऊ कापडाने पुसा, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. माझी काळजी नकोच. मी ज्यांच्यासाठी लागतो त्यांची घ्या.

गाडी दुरुस्त झाली. हवा बरोबर भरून डेल्फिनने गाडीला पस्तीसच शिकवलं, आणि मी विझलो, तो या वेळी खरा विझलो. आता सप्टेंबर लागलाय. रुग्णालयाचा फोन अजून आलेला नाही. रुग्णालयात न्यायची पिशवी भरलेली आहे आणि ती कायम मागच्या सीटवर असते. डेल्फिनने ओल्हाला हवा मोजायचं एक यंत्र आणून दिलंय. ते बोलतं. चाकाच्या नळीवर टेकवलं की आतली बाई सपाट आवाजात आकडा सांगते.

रोज सकाळी, गाडी जागची हलायच्या आधी, ओल्हा गाडीला हात लावत लावत चाकापाशी जाते, दवात गुडघे टेकते आणि नळी चाचपून शोधते. पस्तीस, म्हणतं यंत्र. मग पुढचं चाक. ओरेस्ट तिच्यामागे नळ्यांची टोपणं तळहातावर धरून फिरत असतो. चौघांचं झाल्यावर ती मागचं दार उघडायला लावते आणि पाचव्याला विचारते. मगच गाडीत बसते.

परवा थंडी जास्त होती. तिचे गुडघे दुखतात हे त्याला माहीत आहे.

"ओल्हा," तो म्हणाला, "मी मघाशीच बघितली. यंत्राने बघितली, शपथ. पाचही बरोबर आहेत."

"असतील," ती म्हणाली, आणि खाली बसून तिने नळीचं टोपण काढून त्याच्यापुढे धरलं.